कुलूप, किल्ली आणि पाण्याची पातळी : डंजनचं मॉडेल कसं करायचं?



सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "आधी प्रॉब्लेमचं नीट मॉडेल करा." पण मॉडेल करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे फारसं कुणी समोर बसवून सांगत नाही. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं तयार शिजवलेली असतात. काय ठेवायचं नि काय टाकून द्यायचं, हे लेखकानं आधीच ठरवलेलं असतं. आपल्या वाट्याला फक्त गणित येतं.

म्हणून आज एक असं उदाहरण घेऊ ज्यात हे ठरवणं आपल्यालाच करावं लागेल : ॲडव्हेंचर व्हिडिओ गेममधलं डंजन. गेम खेळत नसाल तरी हरकत नाही, लागेल तेवढं मी सांगत जाईन. आणि "हे काय संशोधन झालं का?" असं मनात आलं असेल, तर शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

डंजन म्हणजे काय?

शब्दशः अर्थ तळघर किंवा अंधारकोठडी. गेममध्ये मात्र डंजन म्हणजे एक बंदिस्त वास्तू. आत अनेक खोल्या, काही दारांना कुलपं, कुठे तरी लपवलेल्या किल्ल्या, मध्येच मिळणारं एखादं नवं हत्यार किंवा साधन, आणि शेवटी एक मोठा शत्रू, ज्याला खेळाडू 'बॉस' म्हणतात. या प्रकाराला घाट दिला तो निन्टेन्डोच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' या मालिकेनं. शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा पहिला झेल्डा जपानमध्ये १९८६ साली आला. तेव्हापासून ही मालिका चालू आहे, त्यामुळे एकाच कल्पनेच्या अनेक आवृत्त्या आपल्याला शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. अभ्यासाला याहून सोयीचं काय हवं?

डंजनचा नकाशा हातात आला की पहिला मोह होतो तो खोल्या मोजण्याचा. वीस खोल्या म्हणजे सोपं, चाळीस म्हणजे अवघड. पण सरळ रेषेत मांडलेल्या चाळीस खोल्या म्हणजे नुसता बोळ झाला. त्यात कोडं काहीच नाही. उलट पाच खोल्यांत डोकं भंजाळून टाकता येतं. म्हणजे कोडं नकाशात नाही, ते दुसरीकडेच कुठे तरी आहे.

कुठे? तर 'कशासाठी आधी काय लागतं' या अवलंबनात. एका कागदावर प्रत्येक कुलूप, प्रत्येक किल्ली, प्रत्येक साधन यांसाठी एकेक ठिपका काढा. 'हे मिळाल्याशिवाय ते उघडत नाही' असं असेल तिथे बाण काढा. हा झाला डंजनचा अवलंबन-ग्राफ. खोली डावीकडे आहे की उजवीकडे, भिंतीचा रंग कोणता, शत्रू किती, हे सगळं आपण फेकून दिलं. मॉडेलची पहिली पायरी ही अशी फेकून देण्याची असते.

असं करणारे आपण पहिले नाही. योरिस डोरमन्स या डच संशोधकानं २०१० च्या एका पेपरात 'ट्वायलाइट प्रिन्सेस' या झेल्डातलं फॉरेस्ट टेम्पल घेऊन दाखवलं की डंजनमध्ये दोन वेगळ्या रचना असतात : एक 'मिशन', म्हणजे करायच्या कामांचा ग्राफ, आणि दुसरी 'स्पेस', म्हणजे प्रत्यक्ष जागा. एकच मिशन वेगवेगळ्या जागांमध्ये बसवता येतं. संगणकाकडून डंजन तयार करून घ्यायचं तर आधी मिशन तयार करा, मग त्याला साजेशी जागा तयार करा, असं त्याचं म्हणणं. विद्यापीठाबाहेर मार्क ब्राउन या ब्रिटिश व्हिडिओकारानं 'बॉस कीज' या मालिकेत एकेका झेल्डा डंजनचे असेच आराखडे काढले. तिथे एक उपयोगी फरक दिसतो : काही डंजनमध्ये तुम्ही फक्त वाटेनं चालत जाता, आणि काहींमध्ये वाट तुम्हाला शोधावी लागते.

तीन कुलपांचं डंजन

आता कागद-पेन घ्या. आपण एक छोटं डंजन बांधू.

मध्ये एक चौक. चौकात एक किल्ली पडलेली. चौकाला दोन कुलूपबंद दारं : अ आणि ब. अ-च्या मागे एक खोली, तिच्यात दुसरी किल्ली आणि तिसरं कुलूपबंद दार क. क-च्या मागे बॉस. ब-च्या मागे फक्त थोडा खजिना. झेल्डातल्या लहान किल्ल्यांचा नियम असा की कुठलीही किल्ली कुठल्याही साध्या कुलपाला चालते, पण एकदा वापरली की संपते.

चौकातली किल्ली घेऊन तुम्ही अ उघडलंत, आतली किल्ली घेऊन क उघडलंत, तर बॉस समोर. उत्तम. पण खजिन्याच्या मोहानं आधी ब उघडलंत तर? किल्ली संपली, अ बंद, दुसरी किल्ली अ-च्या मागे. खेळ संपला नाही, पण आता तो कधीच पूर्ण होणार नाही. खेळाडूंच्या भाषेत याला 'सॉफ्टलॉक' म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात 'डेडलॉक' शिकला असाल, तर चुलत भावंडं ओळखू आली असतील.

इथे 'स्थिती' हा शब्द आणू. कोणती कुलपं उघडली आहेत त्यांचा संच, म्हणजे डंजनची स्थिती. हातात किती किल्ल्या आहेत हे वेगळं लिहायची गरज नाही. समोर दिसलेली किल्ली उचलल्यानं कधीच तोटा होत नाही, म्हणून खेळाडू दिसेल ती किल्ली उचलतो असं धरलं, की हातातल्या किल्ल्यांची संख्या संचावरून आपोआप कळते. तीन कुलपं म्हणजे २ × २ × २ = ८ संच. पण अ उघडल्याशिवाय क-पर्यंत पोचता येत नाही, म्हणून शक्य स्थिती फक्त ६ :

काहीच उघडं नाही – हातात १ किल्ली
फक्त अ – १ किल्ली
फक्त ब – ० किल्ल्या, अडकलो
अ आणि ब – ० किल्ल्या, अडकलो
अ आणि क – ० किल्ल्या, पण बॉस मिळाला
तिन्ही – इथे पोचणं अशक्य, कारण किल्ल्या दोनच

डंजन वाचवायला काय कराल? "कुलपं तीन, किल्ल्या दोन, म्हणजे एक किल्ली वाढवा," हे पहिलं उत्तर. पण कुठे ठेवायची? बॉसच्या खोलीत ठेवलीत तर संख्या जुळली, पण 'फक्त ब' आणि 'अ आणि ब' या दोन्ही स्थितींत खेळाडू पूर्वीसारखाच अडकतो. म्हणजे नुसती संख्या जुळून भागत नाही.

बरं, ब-च्या मागे ठेवून बघू. आता 'फक्त ब' मध्ये हातात १ किल्ली, 'अ आणि ब' मध्येही १. कुठल्याही क्रमानं गेलं तरी बॉसपर्यंत पोचता येतं. पण जरा थांबा. खेळाडू आधी अ आणि मग लगेच क उघडून बॉसकडे गेला, तर हातात ० किल्ल्या राहतात, आणि ब-मागचा खजिना कायमचा गेला. हे डंजन सुरक्षित म्हणायचं की नाही?

उत्तर तुमच्या व्याख्येवर आहे. 'सुरक्षित म्हणजे बॉसपर्यंत नेहमी पोचता येणं' अशी व्याख्या असेल तर हो. 'सुरक्षित म्हणजे सगळं काही नेहमी मिळवता येणं' अशी असेल तर नाही. दुसरी व्याख्या पाळायची असेल तर तिसरी किल्ली चौकातच ठेवावी लागेल. सहाही स्थिती तपासून बघा, त्यात कुठेच कोंडी होत नाही. मॉडेलची दुसरी पायरी ही : तपासायचा गुणधर्म आधी शब्दांत लिहा. सिनॉप्सिसमध्ये 'कार्यक्षम', 'सुरक्षित', 'चांगलं' असे शब्द येतात ना, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि विचारा : व्याख्या कुठे आहे?

जाता जाता : 'संसाधन येतं, खर्च होतं, त्यामुळे पुढची घटना शक्य होते' या मांडणीला गणितात पेट्री नेट म्हणतात. कार्ल ॲडम पेट्री यांच्या १९६२ च्या डॉक्टरेटच्या प्रबंधातून ही दिशा आली. त्यांच्या डोळ्यांपुढे गेम नक्कीच नव्हते. चांगलं मॉडेल असं अनपेक्षित ठिकाणी कामाला येतं.

सीमा कुठे आखायची?

पहिल्या, १९८६ च्या झेल्डात एक गंमत होती. एका डंजनमध्ये मिळालेली किल्ली दुसऱ्या डंजनमध्ये चालायची. इतकंच काय, बाहेरच्या दुकानात किल्ली विकतही मिळायची. आता आपलं तीन कुलपांचं गणित लावा बघू. लागत नाही! कारण डंजन ही बंद व्यवस्थाच राहिली नाही, बाहेरून किल्ल्या आत येताहेत. डिझायनरच्या बाजूनं ही सोय होती. कुणी अडकलाच तर बाहेर जाऊन पैसे जमवून किल्ली आणू शकेल. पण त्यामुळे किल्ल्यांच्या जागेवर बेतलेलं नेमकं कोडं घालणंही अवघड झालं.

१९९१ च्या 'ए लिंक टू द पास्ट'मध्ये प्रत्येक डंजनच्या किल्ल्या त्या त्या डंजनपुरत्या झाल्या, शिवाय 'मोठी किल्ली' हा वेगळा प्रकार आला. व्यवस्था बंद झाली. आता एकेक डंजन स्वतंत्र कोडं म्हणून रचता आणि तपासता येऊ लागलं.

तुमच्या विषयातही हा प्रश्न येणारच. अभ्यासाची सीमा नदीच्या एका पट्ट्याला आखायची की सगळ्या खोऱ्याला? एका पेशीला की ऊतीला? सीमेतून आत-बाहेर काय जातं याची यादी करा. यादी लांब झाली तर सीमा चुकीच्या जागी पडली असण्याची शक्यता मोठी.

मागे फिरता येतं का?

आतापर्यंत आपण एक सोय गृहीत धरली होती : किल्ली उचलल्यानं तोटा होत नाही. ठोकळे ढकलायचे असले की ही सोय संपते. जपानी गेम 'सोकोबान' आठवतो का? गोदामातली खोकी ढकलत जागेवर न्यायची. खोकं ओढता येत नाही, फक्त ढकलता येतं. कोपऱ्यात गेलं की गेलं. म्हणजे एखादी चाल नुकसानाचीही असू शकते आणि ती मागे घेता येत नाही. सोकोबान हा प्रश्न पी-स्पेस-कम्प्लीट आहे, हे १९९७ साली जोसेफ कल्बर्सन यांनी दाखवलं. सोप्या भाषेत : कोडं मोठं होत गेलं तर प्रत्येक वेळी पटकन उत्तर देईल अशी सर्वसाधारण रीत सापडण्याची आशा जवळजवळ नाही.

झेल्डाचे डिझायनर यातून कसे सुटतात? साध्या नियमानं. बहुतेक ठिकाणी खोलीतून बाहेर जाऊन परत आलात की ठोकळे मूळ जागेवर आलेले असतात. न परतणारी चाल खोलीपुरतीच राहते, सगळ्या डंजनला तिची बाधा होत नाही. दोन ओळींचा नियम, पण तपासायच्या स्थितींची संख्या त्यानं किती तरी कमी होते.

इथे एक सावधगिरीची सूचना. ग्रेग अलूपिस, एरिक डिमेन, ॲलन गुओ आणि जोव्हान्नी विलिएत्ता यांनी २०१२ साली दाखवलं की मारिओ, झेल्डा, पोकेमॉन वगैरे निन्टेन्डो मालिकांचे प्रश्न एनपी-हार्ड आहेत, आणि काही झेल्डा गेम तर पी-स्पेस-कम्प्लीट आहेत. हा निकाल वाचून "म्हणून झेल्डा माणसांना अवघड जातो" असं कुणी लिहिलं, तर ते साफ चूक. हे निकाल सर्वसाधारण केलेल्या गेमबद्दल आहेत, म्हणजे नकाशा हवा तेवढा मोठा करता येतो असं धरून. दुकानात मिळणाऱ्या कार्ट्रिजमधला नकाशा ठरावीक आकाराचा असतो. निकाल बरोबर, पण तो कशाबद्दल आहे हे न बघता उद्धृत केला की आपलं वाक्य चुकतं. साहित्य-समीक्षेचं प्रकरण लिहिताना या सापळ्यात भलेभले पडतात.

सगळं डंजनच एक कोडं

आता मुख्य मुद्द्याकडे. काही डंजन सुट्या कोड्यांची माळ नसतात. सगळी वास्तू मिळूनच एक कोडं असतं. एके ठिकाणी काही बदललं की दूरच्या खोल्याही बदलतात.

'लिंक्स अवेकनिंग' (१९९३) मधला ईगल्स टॉवर बघा. एक जड गोळा उचलून खोल्याखोल्यांतून न्यायचा आणि चार खांब फोडायचे. चौथा खांब फुटला की वरचा मजला खाली कोसळतो आणि नवी वाट तयार होते. 'मेजोराज मास्क' (२०००) मधलं स्टोन टॉवर टेम्पल तर पूर्ण उलटं होतं, छत जमीन बनतं. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) मध्ये महाकाय यांत्रिक प्राणी आहेत. नकाशावरूनच त्यांचे अवयव हलवायचे आणि आतली जमीन कलती-फिरती करायची.

पण या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं, खरं तर बदनाम झालेलं, डंजन म्हणजे 'ऑकारिना ऑफ टाइम' (१९९८) मधलं वॉटर टेम्पल. या गेमच्या डंजनचं काम एजी आओनुमा यांच्याकडे होतं. मध्ये उंच मनोरा, भोवती मजले. पाण्याच्या तीन पातळ्या. ठरावीक तीन जागी जाऊन एक धून वाजवली की पाणी त्या त्या पातळीला येतं. पाणी वर असताना तरंगत वरच्या दारांपर्यंत जाता येतं, खाली असताना तळातल्या दारांतून चालत जाता येतं. पाण्यात बुडायचं तर लोखंडी बूट घालायचे, वर यायचं तर काढायचे.

आपलं मॉडेल लावू. समजा सहा कुलपं धरली. कुलपांचे संच ६४, गुणिले पाण्याच्या ३ पातळ्या, म्हणजे जास्तीत जास्त १९२ स्थिती. बाकी साधनं धरली तर आणखी थोड्या. संगणकाला हे चुटकीसरशी तपासता येतं. शिवाय पाणी पुन्हा पुन्हा वर-खाली करता येतं, त्यात न परतणारं काही नाही. म्हणजे आपल्या मॉडेलच्या हिशेबानं हे डंजन मध्यम आकाराचं आणि बऱ्यापैकी सरळ.

आणि खेळाडू? दोन पिढ्या त्या डंजनच्या नावानं बोटं मोडत आल्या आहेत.

मॉडेल एक सांगतंय आणि माणसं दुसरं. अशा वेळी घाबरायचं नाही, संशोधनाचा प्रश्न तिथेच जन्माला येतो. "लोकांना कळत नाही" असं म्हणून सुटकाही करून घ्यायची नाही. विचारायचं : आपण पहिल्या पायरीवर जे फेकून दिलं, त्यात महत्त्वाचं काय गेलं?

काय फेकलं गेलं?

मला दोन गोष्टी दिसतात.

पहिली, तपासणीची किंमत. ग्राफमध्ये 'पातळी १ वरून पातळी ३' हा एक बाण आहे, किंमत एक. खेळात त्याच बाणासाठी योग्य जागी पोहत जावं लागतं, आणि दर वेळी बूट घालायला-काढायला खेळ थांबवून मेनू उघडावा लागतो, पान बदलावं लागतं, बूट निवडावे लागतात, परत यावं लागतं. खेळाडूच्या डोक्यात एक अंदाज असतो : "पाणी मधल्या पातळीवर आणलं तर ते दार मिळेल का?" तो अंदाज चुकला तर पुन्हा तेवढीच यातायात. अंदाज तपासणं महाग झालं की माणूस कमी अंदाज तपासतो. प्रयोगशाळेत काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. एका रीडिंगला चार तास लागत असतील तर आपणही दहा कल्पना तपासत नाही.

दुसरी, 'अडकलो' आणि 'अजून सापडलं नाही' यांतला फरक खेळाडूला आतून दिसत नाही. वॉटर टेम्पलमध्ये पाणी मधल्या पातळीला आणलं की मनोऱ्याच्या आत एक ठोकळा तरंगून वर येतो आणि त्याच्या खालची वाट उघडी पडते. तिथे एक किल्ली आहे. ग्राफमध्ये हा एक साधा बाण : 'पातळी मध्यम असेल तर किल्ली'. प्रत्यक्षात तिकडे न बघता पुढे गेलेले खेळाडू पुष्कळ. मग हातात किल्ली नाही, समोर कुलूप, आणि बाकी सगळं पालथं घालून झालेलं. गणिताप्रमाणे डंजन जिवंत आहे, वाट शिल्लक आहे. खेळाडूच्या लेखी मात्र ते मेलेलं आहे.

बघा, आपली 'सुरक्षित' ही व्याख्या सर्वज्ञ माणसासाठी होती. खेळाडू सर्वज्ञ नसतो. त्याच्या डोक्यात डंजनचं स्वतःचं एक मॉडेल असतं, अपुरं आणि मधूनमधून चुकीचं. कोड्याचा अवघडपणा डंजनच्या ग्राफमध्ये एकट्यानं राहत नाही. खरा ग्राफ आणि खेळाडूच्या डोक्यातला ग्राफ यांच्यात किती अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढायला किती किंमत मोजावी लागते, यात तो असतो. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

हे पटवून कसं द्यायचं?

आत्तापर्यंत मी केलं ते युक्तिवाद. समिती विचारणार : पुरावा?

एक छान घटना हाताशी आहे. २०११ साली याच गेमची निन्टेन्डो ३डीएससाठी नवी आवृत्ती आली. वॉटर टेम्पलची मांडणी तीच ठेवली, पण बूट आता मेनूत न शिरता झटकन घालता-काढता येऊ लागले, आणि पाण्याची पातळी बदलण्याच्या जागांकडे नेणारे रंगीत पट्टे भिंतींवर आले. म्हणजे अवलंबन-ग्राफ तोच, तपासणीची किंमत कमी आणि डोक्यातला नकाशा बनवायला मदत जास्त. डिझायनरांनी नेमक्या त्याच दोन जागी हात घातला.

"मग झालं की सिद्ध!" नाही. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, त्यामुळे फरक कशामुळे पडला ते वेगळं काढता येत नाही. शिवाय यंत्र बदललं, पडदा बदलला, आणि २०११ च्या पुष्कळ खेळाडूंना डंजन आधीच पाठ होतं. ही सूचक घटना आहे, नियंत्रित प्रयोग नव्हे.

नियंत्रित प्रयोग कसा असेल? एक छोटं पाण्याचं डंजन बनवा. ग्राफ कायम ठेवून त्याच्या चार आवृत्त्या काढा : बूट स्वस्त किंवा महाग, आणि खुणा असलेल्या किंवा नसलेल्या. दोन गुणिले दोन. एका माणसाला एकच आवृत्ती द्यायची, कारण एकदा उत्तर कळलं की दुसऱ्यांदा मोजण्यात अर्थ नाही. मोजायचं काय? नुसता एकूण वेळ घेऊ नका. बूट महाग असतील तर वेळ वाढणारच, त्यात शोध कसला? त्याऐवजी हे मोजा : स्थितीत काहीही बदल न होता खेळाडू त्याच खोलीत किती वेळा परत आला, किती वेगवेगळे अंदाज तपासले, आणि "मी अडकलोय" असं त्यानं कधी सांगितलं. माझा अंदाज असा की महाग बुटांमुळे तपासलेल्या अंदाजांची संख्या घटेल, आणि खुणा नसल्यानं फुकटच्या फेऱ्या वाढतील. हा अंदाज चुकूही शकतो, आणि म्हणूनच प्रयोग करण्यासारखा आहे. हो, माणसांवरचा प्रयोग आहे, तेव्हा संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी घ्यायची. विसरू नका.

डिझायनर काय करतात, आपण काय करायचं

चांगली पझल-डंजन बारकाईनं पाहिली तर तीन युक्त्या पुन्हा पुन्हा दिसतात. कुलूप आधी दाखवायचं, किल्ली नंतर द्यायची, म्हणजे किल्ली मिळाली की कुठे जायचं ते डोक्यात आधीच असतं. सगळं बदलणारा खटका एकच ठेवायचा आणि त्याच्या मोजक्याच स्थिती ठेवायच्या, तीन पातळ्या, तेरा नव्हेत. आणि मधोमध एक उंच चौक ठेवायचा, जिथून खटका फिरवल्याचा परिणाम डोळ्यांना दिसेल. तिन्हींचा उद्देश एकच : खरा ग्राफ आणि डोक्यातला ग्राफ यांतलं अंतर खेळाडूला आवाक्यातलं वाटावं.

तुमच्यासाठी या आठवड्याचा गृहपाठ. कुठलंही एक छोटं डंजन किंवा एस्केप रूमचा खेळ घ्या. तेही नसेल तर तुमच्या विद्यापीठातली एखादी प्रवेशप्रक्रिया घ्या. तिथेही एका दाखल्याशिवाय दुसरा दाखला मिळत नाही! एका पानावर चार गोष्टी लिहा :

१. अवलंबन-ग्राफ, आणि तो काढताना तुम्ही काय काय फेकून दिलंत त्याची यादी.
२. 'अडकणं' म्हणजे काय, याची एका वाक्यात व्याख्या.
३. सीमा कुठे आखलीत, आणि तिच्यातून आत-बाहेर काय येतं-जातं.
४. मॉडेल 'सोपं' म्हणतं पण माणसं 'अवघड' म्हणतात, अशी एक जागा.

चौथा मुद्दा सापडला नाही तर पहिल्या यादीकडे परत जा, बहुतेक वेळा तो तिथेच पडलेला असतो. सापडला, तर तो जपून ठेवा. तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य तिथून निघू शकतं.